डोंगराच्या अंगावर घर बांधताना

चंदगडहून हेऱ्याकडे किंवा पुढे तिलारीनगरच्या बाजूला एस.टी.ने जाताना वाटेतली नवी घरे एकदा नीट पाहा. सिमेंटचा स्लॅब, पुढे गोल खांब, भिंतींना निळा किंवा गुलाबी रंग. आणि त्या स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी पायांवर उभे केलेले पत्र्याचे छप्पर. एका घराला दोन छपरे! पहिले घालताना हौस होती, दुसरे घालताना अक्कल आली. पैसे मात्र दोन्हींना मोजावे लागले.

हे मी कुणाला हसण्यासाठी लिहीत नाही. असल्याच दोन छपरांच्या घरात मी स्वतः राहतो. पंधरा वर्षांपूर्वी गावाकडे घर बांधायला काढले तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थाने सपाट मुलखातल्या बंगल्याचा आयता नकाशा आणून दिला. मी बी.एस्सी. कृषी झालेला माणूस. शेतकऱ्याला सांगतो, माती तपासल्याशिवाय खत टाकू नका. पण स्वतःच्या घराच्या वेळी जमीन, पाऊस, वारा काही एक न पाहता तोच नकाशा गवंड्याच्या हाती दिला. दुसऱ्याच पावसाळ्यात माजघराच्या छताला ओल आली, पश्चिमेच्या भिंतीवर काळी बुरशी धरली, आणि कणगीतले भात तळाकडून कुबट झाले. आईला दमा होता. त्या ओलीने तिचे आषाढ-श्रावण फार वाईट गेले. चौथ्या वर्षी वर पत्रा घातला.

म्हणून या वेळी पिकावर न लिहिता घरावर लिहितो आहे. शेतकरी जन्मात एकदाच घर बांधतो, आणि बांधतो तेव्हा बहुधा काजूचे दोन हंगाम, उसाचे बिल, गोव्याला किंवा मुंबईला असलेल्या मुलाची शिल्लक आणि वर सोसायटीचे कर्ज असे सगळे त्यात ओततो. घर चुकले तर पीक चुकल्यासारखे पुढच्या हंगामात सुधारता येत नाही.

आपल्या तालुक्याचे एक वैशिष्ट्य आहे. पूर्वेला कोवाड-कर्यातीकडे पाऊस बेताचा, आणि जसजसे पश्चिमेला घाटमाथ्याकडे जावे तसतसा तो वाढत जातो. सह्याद्रीच्या त्याच माथ्यावरच्या आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एकाच तालुक्यात दोन मुलूख आहेत. कोवाडच्या माणसाने ताम्रपर्णीचा पूर पाहून घर बांधायचे (२०१९ च्या ऑगस्टात तिथली बाजारपेठ पाण्याखाली गेली हे सर्वांना आठवते), आणि पारगडाच्या बाजूच्या माणसाने डोंगर व झड पाहून. दोघांना एकच नकाशा कसा चालेल?

आता एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही, कारण त्यांनी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. पश्चिम पट्ट्यातली वाडी. घरधनी साठीचे, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. थोरला मुलगा गोव्यात कारखान्यात, धाकटा शेतीत, दोन सुना, आणि आण्णांची आई. आजी ऐंशीच्या पुढच्या, पण नजर साफ. जुने घर मातीच्या भिंतींचे व कौलारू. एक पाखे खचलेले. थोरल्याने पैसे जमवले, आणि डांबरी रस्त्याकडेला, डोंगराच्या पायथ्याशी जागा ठरवली. जे.सी.बी. लावून डोंगर दहा-बारा फूट उभा कापायचा, निघालेली माती पुढे टाकून सपाटी करायची आणि त्यावर स्लॅबचा बंगला. गाडी दारात लागेल, हा मोठा फायदा.

काजूवरच्या ढेकण्याची तक्रार होती म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता घराचा विषय निघाला. मी म्हटले, "आण्णा, एवढा पैसा घालताय, तर कुणा जाणत्या वास्तुविशारदाला जागा दाखवा. माझी चूक तुम्ही करू नका." थोरला म्हणाला, "साहेब, कागदावर चार रेघा मारायचे पैसे द्यायचे? गवंडी फुकट काढून देतोय की." आजी मात्र म्हणाल्या, "बघू दे की कुणीतरी. त्या जागंचं मला काय खरं वाटत नाही." त्यांना नेमके काय खरे वाटत नव्हते, ते तेव्हा कुणी विचारले नाही.

बेळगावहून एक तरुण वास्तुविशारद बाई आल्या. फेब्रुवारीचे दिवस. त्यांनी जागा पाहिली, डोंगर चढून वरपर्यंत जाऊन आल्या, आणि म्हणाल्या, "मी आत्ता काही काढणार नाही. जुलैत येते. पाऊस लागलेला असताना ही जागा मला बघायची आहे." थोरल्याचा पारा चढला. एक हंगाम वाया जाणार, सिमेंट महागणार. त्याचेही चूक नव्हते. पण आण्णा थांबले.

जुलैत, संततधार चालू असताना, बाई खरोखरच आल्या. आजी डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या. ठरवलेल्या जागेच्या वरच्या अंगाला एक उंबर आहे. त्याच्या मुळाशी बोट दाखवून आजी म्हणाल्या, "पोरी, हितनं उपळ फुटतो. दरसाल नाही, पण पाऊस धरून बसला की फुटतोच. माझ्या सासऱ्यानं हितं गोठासुद्धा घातला नव्हता." आणि खरोखर, जिथे बंगल्याचे माजघर यायचे होते तिथे घोटाभर पाणी जमिनीतून वर येत होते. फेब्रुवारीत ती जागा भाकरीसारखी कोरडी होती.

वाचकहो, या पाण्याचा अर्थ नीट समजून घ्या. मुरलेले पाणी डोंगराच्या पोटातून वाट काढत पायथ्याला बाहेर पडते. तिथेच डोंगर उभा कापला, की वरच्या मातीचा आधार गेला; आणि तीच माती भिजून जड झाली, की ती खाली यायला पाहते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी. तिन्ही वेळा महिना जुलै आणि पाऊस दिवसेंदिवस धरून बसलेला. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी असतील, पण उताराच्या कुशीत घर घेणाऱ्याने काही खुणा पाहिल्याच पाहिजेत: उतारावरची झाडे एका बाजूला कलली आहेत का, वरच्या जमिनीला लांब भेगा पडल्या आहेत का, नवा झरा फुटला आहे का, स्वच्छ वाहणारे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे का. भर पावसात शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या, तर सामान गोळा करत बसू नये, माणसे व जनावरे घेऊन बाहेर पडावे.

दुसरी गोष्ट भरावाची. अर्धे घर कापलेल्या कडक जमिनीवर आणि अर्धे टाकलेल्या मातीवर आले, की भरावाची बाजू दबते आणि घर मधोमध तडकते. आपण शेतात समपातळी बांध घालतो, उताराला आडवे नांगरतो. घरालाही तोच नियम. घराची लांब बाजू उताराला आडवी, म्हणजे समपातळीत ठेवायची. म्हणजे कापावे कमी लागते. तरीही उतार उरला तर मजघर वर, सोपा दोन पायऱ्या खाली, असे घरच टप्प्याने उतरवायचे. वरच्या अंगाला चर काढून पाणी घराच्या दोन्ही बाजूंनी काढून द्यायचे. आधारभिंत बांधलीच तर तिला पाणी जायला भोके हवीत; नाहीतर मागे पाणी साचून भिंतच पोट काढते. मृदसंधारणाचे काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही, पण घराच्या वेळी आपण ते विसरतो. मीही विसरलो होतो.

जागा बदलायची ठरली. वरच्या सपाट सोंडेवर जुने खळे होते, ते चांगले. पण ते चुलत भावांच्या सामाईकातले. इथे सगळे अडणार असे वाटले होते. दोन महिने बैठका झाल्या. शेवटी आण्णांनी भाताची खाचरातली जमीन देऊन खळ्याची जागा घेतली व अदलाबदलीचा दस्त रीतसर नोंदवला. चांगल्या खाचराची जमीन देताना धाकट्याचा जीव तुटला. शिवाय गाडी आता दारात लागत नाही, शेवटचे दीडशे पावले चालावे लागते.

आता घराचा नकाशा कसा झाला ते पाहा, कारण खरी गंमत तिथेच आहे. पहिल्या बैठकीला सोप्यावर पुरुष बसले, बायका दाराआड. किती खोल्या, किती चौरस फूट, हेच बोलणे. बाईंनी वही मिटली आणि धाकट्या सुनेला म्हणाल्या, "वहिनी, उद्या पहाटेपासून मी तुमच्याबरोबर फिरते, चालेल का?" त्या तिथेच मुक्कामाला राहिल्या. पहाटे पाचला चूल पेटली तेव्हापासून रात्री जनावरांना वैरण टाकेपर्यंत त्या सुनेमागे फिरल्या आणि टिपत गेल्या. दिवसभरात गोठ्याच्या खेपा अकरा झाल्या, आणि अकराही पावसातून, पदर डोक्यावर घेऊन. सरपणाच्या खेपा वेगळ्या. भिजलेली लुगडी वाळत घालायला चुलीवरच्या दांडीशिवाय जागा नाही. आजींना रात्री संडासाला जायचे तर अंगण ओलांडावे लागते. म्हणून त्या संध्याकाळी पाणीच पीत नाहीत, हे घरातल्या पुरुषांना त्या दिवशी प्रथम कळले. आण्णा बराच वेळ गप्प बसून होते.

मग नकाशा पुरुषांच्या बैठकीतला राहिला नाही. आण्णांचे म्हणणे, गोठा लांब हवा, वास येतो. सून म्हणाली, लांब चालेल, पण भिजायला नको. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणून गोठा घराच्या ईशान्येला घेतला आणि आठ फुटी पडवीने घराला जोडला. पडवीतच सरपण, वैरण आणि वाळवणाच्या दांड्या. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की थोडा वास येणार, हे बाईंनी आधीच सांगितले; तो सुनेने पत्करला. संडास-न्हाणी पडवीच्या टोकाला, आजींच्या खोलीपासून छपराखालून सहा पावलांवर. सोपा मोठा ठेवला, कारण गणपतीला मुंबई-गोव्याची माणसे आली की वीस-बावीस पाने बसतात.

हा प्रकार त्या एका बाईंचाच आहे असे नाही. डोंगरात घरे बांधणाऱ्या चांगल्या माणसांची रीतच ही. लॉरी बेकर हे इंग्लंडात जन्मलेले वास्तुविशारद. लग्नानंतर १९४८ च्या सुमारास ते आपल्या डॉक्टर पत्नीबरोबर हिमालयात पिथोरागडला गेले आणि सोळा-एक वर्षे तिथे राहिले. तिथल्या डोंगरी लोकांची दगड, माती व लाकडाची घरे पाहून आपल्याला पुन्हा शिकावे लागले, असे ते सांगत. मुंबईत गांधीजींची भेट झाली तेव्हा त्यांनी सांगितले होते, की घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे. पुढे केरळात त्यांनी अनेक घरे बांधली. सरकारने १९९० मध्ये त्यांना पद्मश्री दिली. घरातल्या माणसांशी स्वतः बोलल्याशिवाय ते आराखडा करत नसत.

दुसरे उदाहरण दीदी कॉन्ट्रॅक्टर यांचे. जन्म १९२९ चा, अमेरिकेतला. एका भारतीय माणसाशी लग्न करून त्या इकडे आल्या आणि काही काळ आपल्या नाशिकला सासरच्या मोठ्या कुटुंबात, नंतर मुंबईत जुहूला राहिल्या. पुढे हिमाचलात कांगड्याच्या खोऱ्यात जाऊन स्थायिक झाल्या. वास्तुशास्त्राची पदवी नाही. तरी उतारवयात त्यांनी तिथे माती, बांबू, नदीचा गोटा आणि पाटीचा दगड यांची घरे उभी केली. कांगड्यालाही पाऊस भरपूर, तरी मातीच्या भिंती टिकतात. कारण खाली दगडाचे ज्योते आणि वर लांब वळचणीचे छप्पर असते. २०१८ सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये त्या वारल्या.

पाच मैलांचा तो नियम आपल्याकडे लावून पाहा. आपल्याकडे जांभा आहे. खाणीतून काढताना मऊ आणि हवेत राहून घट्ट होणारा हा दगड डोंगरी घराला उत्तम. फक्त तो पाणी पितो. म्हणून पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतीवर थेट झड बसू देता कामा नये. त्या बाजूला पडवी घ्यावी, खिडक्या लहान ठेवाव्यात. जोते निदान दोन-अडीच फूट उंच, आणि जोत्यावर ओल अडवणारा थर घातल्याशिवाय भिंत चढवू नये. दगडी भिंतीत दर थराला काही दगड भिंतीच्या आरपार जाणारे हवेत, आणि दारे-खिडक्यांच्या डोक्यावर सगळ्या घराभोवती सलोह सिमेंटचा पट्टा हवा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना हे का ते सांगायला नको.

बांबूही आपल्याकडे आहे. पण तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू घराला वापरू नये, पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडावा, आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय घालू नये. नाहीतर भुंगा त्याचे पीठ करतो.

छपरावरून मात्र या घरात भांडण झाले. थोरल्याला स्लॅब हवाच होता. बाईंनी पुठ्ठ्याचे छोटे घर करून आणले, छप्पर काढून आत दिसेल असे. मग हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरचे छप्पर आणि दिवसाचा शंभर मिलिमीटर पाऊस धरा: एका दिवसात दहा हजार लिटर पाणी त्यावर पडते. उताराच्या छपरावरून ते लगेच वळचणीला जाते. सपाट स्लॅबवर ते बारीक तडा शोधत बसते. थोरला म्हणाला, "मग काजू नि भात वाळवायचं कुठं?" प्रश्न अगदी रास्त होता. शेवटी न्हाणी आणि मागच्या खोलीवर दहा बाय बाराचा स्लॅब ठरला, त्यावर पाण्याची टाकी व वाळवण. बाकी सगळे दुपाखी छप्पर. तीन फूट आडव्याला दोन फूट उभा असा चढ, आणि तीन फूट बाहेर आलेली वळचण.

त्यावर कौले की पत्रा? मंगलोरी कौले १८६५ पासून बनतात आणि आपल्या हवेला मानवतात. पण आमच्याकडे माकडे! कौले फोडतात, आणि दरवर्षी छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही. पत्र्याखाली उकडते आणि पावसाचा आवाज असा होतो, की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्यांनी पत्रा घालून खाली बांबूच्या तट्ट्याचे छत केले. मला स्वतःला कौलेच आवडतात, पण माकडांशी मी वाद घालू शकत नाही.

आता पैशाचे. आर्किटेक्ट ही पदवी १९७२ च्या कायद्याने नोंदणी झालेल्यालाच लावता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मेहनताना कुणी खर्चावर टक्क्याने घेतात, कुणी ठोक. तो टप्प्याटप्प्याने द्यावा, आणि त्यात किती वेळा जागेवर येणार, पाया, जोते व छप्पर या तिन्ही वेळी येणार की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. आपल्या हाती किती पैसे आहेत ते खरे सांगावे. डॉक्टरपासून दुखणे लपवण्यासारखा हा प्रकार आहे. या कुटुंबाने आकडा खरा सांगितला, म्हणून दोन खोल्या आत्ता आणि एक पुढे, असा आराखडा करता आला. ज्यांना सरकारी घरकुल मिळाले आहे त्यांनी म्हणावे, पंचवीस चौरस मीटरमध्ये कसला नकाशा? उलट लहान घराला चूक परवडतच नाही. वास्तुविशारद नसला तरी पाणी कुठून येते, वारा कुठून येतो, आणि घरातल्या बाईच्या खेपा किती, हे तीन प्रश्न घरच्या घरी विचारता येतात. त्याला काही खर्च नाही.

गेल्या मे महिन्यात छप्पर चढले. जुन्या घराची सागवानी चौकट आजींच्या हट्टाने सोप्याला बसवली. ती दोन इंच बुटकी आहे, थोरल्याचे डोके दोनदा आपटले. यंदाच्या जुलैत मी गेलो तेव्हा उंबराखालचा उपळ जोरात फुटलेला होता आणि ठरवलेल्या जुन्या जागेवर बदके पोहत होती. वरचा चर मात्र अरुंद पडला. एका रात्री पाणी त्यावरून उडून पडवीत आले. थोरला चतुर्थीला आला तो दोन दिवस फावडे घेऊन त्याच कामाला लागला. नैऋत्येच्या कोपऱ्यात भिंतीला हातभर ओलही दिसते आहे. बाईंना कळवले, तर त्यांचा निरोप आला, की पाऊस थांबायच्या आत येऊन बघते, तोवर त्यावर रंग देऊ नका.